बत्तीस बोअरचा वाजवी भाव

आजोबांच्या नावावरचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर विकायचे आहे, किती मागावेत? किंवा उलट, ओळखीच्या एका बागायतदाराकडे जुने वेब्ली आहे, तो चार लाख म्हणतो, द्यावेत का? शिरूर आणि दौंड तालुक्यांत परवानाधारक शस्त्र बाळगणाऱ्या घरांना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठी उसाच्या फडात एकट्या पडलेल्या वस्त्या, निवृत्त फौजी आणि पोलीस, रांजणगाव-शिक्रापूर पट्ट्यातले उद्योजक, दौंडच्या रेल्वे वसाहतीतली जुनी कुटुंबे अशी ही घरे आहेत. उत्तर मात्र बहुतेक वेळा ऐकीव असते. ‘विलायती आहे, आता मिळत नाही’ एवढ्या दोन शब्दसमूहांवर लाखांचे व्यवहार ठरतात.

विलायती असणे आणि न मिळणे यांना किंमत आहे हे खरे. पण ती किती, कशामुळे आणि कुठपर्यंत, हे मोजता येते. त्यासाठी चार गोष्टी एका ठरावीक क्रमाने तपासाव्या लागतात: कागद, काडतूस, लोखंड आणि नाव. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो. विकणारा नावापासून सुरुवात करतो आणि कागदाचा विषय शेवटी निघतो. फसगत होते ती या उलट्या क्रमामुळे.

लहान बोअर महाग का?

अमेरिकेत बत्तीस बोअरचे जुने, साध्या अवस्थेतले रिव्हॉल्व्हर काही शे डॉलरला मिळते. तिथल्या संग्राहकाला ते फारसे भुरळ घालत नाही; मोठ्या बोअरच्या कोल्टमागे तो धावतो. आपल्याकडे उलटे आहे आणि त्याचे कारण कायद्यात आहे.

लष्करी आणि पोलिसी काडतूस ज्यात बसते असे हत्यार सामान्य नागरिकाला मिळू नये, हे आपल्या शस्त्र नियमांचे जुने सूत्र आहे. म्हणून .३८० आणि .४५५ची रिमवाली काडतुसे किंवा ९ मिलिमीटर आणि .४५ची सरकारी काडतुसे डागू शकणारे पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर ‘प्रतिबंधित बोअर’ ठरते. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा. या कात्रीतून सामान्य माणसासाठी जे उरले त्यात रिव्हॉल्व्हरपुरते मुख्य बोअर म्हणजे .३२. म्हणजे बत्तीसचे महत्त्व त्याच्या ताकदीमुळे वाढलेले नाही. बाकीचे दरवाजे बंद झाल्यामुळे सगळी गर्दी या एका दाराशी आली.

त्यात १९८०च्या दशकापासून सामान्य नागरिकांसाठी विदेशी शस्त्रांची व्यापारी आयात थांबली. त्याआधी देशात आलेली वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट एवढीच काय ती विलायती शिल्लक. दर वर्षी त्यातली काही गंजतात, काही सरकारजमा होतात. साठा आटतो आणि हौस तशीच राहते.

परवाना हा प्रकार मात्र या मुलखाला नवा नाही. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढली. १८७८मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट राहिली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या माणसांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर छापा घातला. दुष्काळाने पिचलेल्या या पट्ट्यात शस्त्र कोणाच्या हाती असावे हा सरकारला जाचणारा प्रश्न होता. स्वतंत्र भारताने १९५९मध्ये नवा शस्त्र कायदा केला. वंशभेद गेला, परवाना राहिला. आज जुन्या रिव्हॉल्व्हरच्या किमतीत जो फुगवटा दिसतो, तो बराचसा या कागदी इतिहासातून आलेला आहे.

पहिली तपासणी: कागद

ज्याचे कागद नाहीत त्या रिव्हॉल्व्हरची वाजवी किंमत शून्य आहे. इथे घासाघीस करायला जागाच नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षे आहे. हत्यार प्रतिबंधित बोअरचे निघाले तर ७ ते १४ वर्षे. ‘वडिलोपार्जित आहे, कोणी वापरत नाही’ हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही.

कागद पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? शिरूर आणि दौंड पुणे ग्रामीणमध्ये येतात, म्हणून परवाना जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी देतात आणि चौकशी ग्रामीण पोलिसांकडून, त्या त्या ठाण्यामार्फत होते. परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक फ्रेमवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या हस्तलिखित परवान्यांत ३चा ८ झालेला असू शकतो. हा फरक आधी दुरुस्त करून घ्यावा आणि मगच भावाचे बोलावे. परवान्याला राष्ट्रीय नोंदणीतला युनिक क्रमांक आहे का आणि नूतनीकरण वेळेवर झाले आहे का, हेही पाहावे. २०१९पासून परवान्याची मुदत ५ वर्षांची आहे.

मूळ परवानाधारक हयात नसेल तर जास्त जपावे लागते. मृत्यूनंतर हत्यार घरात ठेवता येत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि त्याची पावती घ्यावी लागते. नंतर वारसांपैकी एकाला, बाकीच्यांच्या संमतीने, वारसाहक्काने परवाना मागता येतो. हयात असतानाही हे करता येते. २०१६च्या नियमांप्रमाणे धारकाचे वय ७० झाले किंवा त्याने ते हत्यार २५ वर्षे बाळगले, यातले जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या वारसाकडे ते सोपवण्याची मागणी करू शकतो. ज्या घरांनी हे वेळेत केले त्यांच्या रिव्हॉल्व्हरला पूर्ण भाव मिळतो. ज्यांनी केले नाही ते घाईत विकतात, आणि घाईच्या विक्रीत भाव पडतोच.

विक्रीचीही रीत ठरलेली आहे. एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह, लेखी कळवावे लागते. कळवल्यावर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या प्रकारच्या आणि त्या बोअरच्या हत्याराची जागा मोकळी असली पाहिजे. म्हणून पूर्ण रक्कम आधी मोजू नये. विसार द्यावा, तोही लेखी.

जागेचा मुद्दा किमतीशी थेट जोडलेला आहे. पूर्वी एका परवानाधारकाला ३ अग्निशस्त्रे ठेवता येत होती. डिसेंबर २०१९पासून ही मर्यादा २ झाली आणि वारसाने आलेले हत्यारही तिच्यात मोजले जाते. म्हणजे आपल्याकडचा सामान्य हौशी माणूस कपाटभर संग्रह करूच शकत नाही. त्याच्याकडे दोन जागा असतात आणि एका जागेवर अनेकदा बारा बोअरची बंदूक आधीच बसलेली असते. उरलेल्या एका जागेसाठी तो चोखंदळ होतो. उत्तम हत्याराला त्यामुळे चांगला भाव येतो, मध्यम हत्याराला गिऱ्हाईक मिळत नाही. ‘विलायती’ एवढ्या एका शब्दावर मध्यम माल उत्तमच्या भावात विकू पाहणाऱ्याला हे सरळ सांगावे.

दुसरी तपासणी: काडतूस

बत्तीस बोअर म्हटले की एकच काडतूस असते, हा मोठा गैरसमज आहे. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरसाठी मिळते ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. काडतुसाच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे तिथली. हे काडतूस १८९६मध्ये आले आणि त्याच्या पितळी नळीची लांबी सुमारे २३ मिलिमीटर आहे. त्याआधीचे, १८७८चे .३२ स्मिथ अँड वेसन हे आखूड असून त्याची नळी सुमारे १५ मिलिमीटर भरते. खिशात मावणारी कितीतरी जुनी रिव्हॉल्व्हरे या आखूड काडतुसासाठी घडवलेली आहेत. आखूड काडतूस लांब घरात बसते, लांब काडतूस आखूड घरात बसत नाही. शिवाय ब्राउनिंग पद्धतीच्या पिस्तुलांचे .३२ वेगळेच.

कोल्टच्या काही नमुन्यांवर ‘.३२ पोलीस’ अशी खूण असते. त्याचे नाव निराळे असले तरी काडतूस स्मिथ अँड वेसन लाँगशी जुळते. त्याहून जुने ‘.३२ लाँग कोल्ट’ मात्र जुळत नाही. म्हणून नळीवर काय कोरले आहे ते भिंगाने वाचावे आणि खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी. ज्याचे काडतूस देशात मिळत नाही ते रिव्हॉल्व्हर संरक्षणासाठी निरुपयोगी आहे. त्याला फक्त शोभेची किंमत लावावी.

जुन्या हत्याराचा आणखी एक धोका आहे. एकोणिसाव्या शतकातली बरीच रिव्हॉल्व्हरे काळ्या दारूसाठी बनली होती. आजच्या धूरविरहित दारूचा दाब वेगळा चढतो. बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाची, म्हणजे १८१३पासून चालत आलेल्या प्रूफ हाउसची, मुकुटाखाली ‘एनपी’ ही खूण असेल तर हत्यार धूरविरहित दारूसाठी तपासलेले आहे. ती नसेल तर शस्त्रकारागिराला दाखवल्याशिवाय एकही गोळी झाडू नये.

तिसरी तपासणी: लोखंड

हत्यार पाहायचे ते विक्रेत्याच्या दुकानात, रिकामे करून, दिवसाच्या उजेडात. सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे स्वतः पाहावे.

आधी नळी. मागून पांढरा कागद धरून आत पाहिले की रायफलिंगच्या खाचा धारदार आहेत की झिजल्या आहेत ते कळते. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. नळीत कुठे अंगठीसारखी गोल सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे: कधीतरी गोळी अडकलेली असताना दुसरी झाडली गेली. असे हत्यार सोडून द्यावे.

मग सिलिंडर. घोडा पूर्ण मागे ओढल्यावर सिलिंडर जागेवर घट्ट बसला पाहिजे; बोटाने हलवल्यावर खूप डुलत असेल तर आतले खिट्टीचे काम झिजले आहे. सहाही घरांवर हीच चाचणी करावी, कारण एखादेच घर नळीशी तिरके येऊ शकते. घोडा चढवलेला असताना अंगठ्याने पुढे ढकलल्यावर सुटत असेल तर ते हत्यार धोकादायक आहे. वेब्लीसारख्या, वरून खटका दाबून मधोमध मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिजागरी आणि वरचा खटका हे नाजूक भाग. बंद केल्यावर नळी आणि फ्रेम यांच्यात खेळ जाणवला तर किंमत लगेच खाली आणावी. मोडताना काडतुसे बाहेर ढकलणारी चांदणी वेळेवर उठते आणि परत बसते का, तेही पाहावे.

शेवटी पृष्ठभाग. मूळ निळसर-काळा मुलामा किती टक्के शिल्लक आहे, यावर जगभरचे संग्राहक अवस्था ठरवतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या जुन्या शस्त्रांच्या श्रेणीत ‘उत्कृष्ट’ म्हणजे सगळे भाग मूळचे आणि ८० टक्क्यांहून जास्त मूळ मुलामा शाबूत. आपल्याकडे नेमकी याच बाबतीत फसगत होते. विकण्याआधी हत्यार चकाचक करून आणायची सवय आहे. नवा मुलामा चढवला की घरच्यांना समाधान वाटते. जाणकाराच्या लेखी मात्र हे नुकसान आहे. घासून-पुसून मुलामा चढवताना कडा गोल होतात, कोरीव अक्षरे पुसट होतात, प्रूफच्या खुणा जातात. आपोआप फिकट झालेला मूळ मुलामा नव्या काळ्याकुळकुळीत मुलाम्यापेक्षा जास्त किमती असतो. विकणाऱ्यांनी म्हणून एवढे ध्यानात ठेवावे: तेलाचा पातळ हात फिरवावा, पॉलिश करू नये. आणि रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये, चामडे ओल धरते. निवडणुकीच्या काळात हत्यार ठाण्यात जमा होते, तेव्हाही ते तेल लावून द्यावे आणि परत आल्यावर लगेच तपासावे.

फ्रेम, नळी आणि सिलिंडरवरचे क्रमांक एकमेकांशी जुळणे आणि मुठीची मूळ पट्टी शाबूत असणे, या दोन गोष्टी किमतीत भर घालतात. बदललेला सिलिंडर किंवा शिसवी लाकडाची नवी मूठ दिसायला कितीही देखणी असली तरी संग्राहकाच्या हिशेबात ती वजाबाकी आहे.

चौथी तपासणी: नाव

आता नावाकडे यावे. भारतात बत्तीस बोअरमध्ये मान आहे तो बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटला, विशेषतः मार्क ४ला, आणि अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन व कोल्टला. पण विलायती म्हणजे सगळेच उंची नव्हे. बेल्जियममधल्या लिएज आणि स्पेनमधल्या आयबार या गावांतून स्वस्त नकला ढिगांनी बाहेर पडल्या. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ अशी अक्षरे दिसली तर हत्यार लिएजचे. त्यातही चांगली कारागिरी असते, पण निनावी लिएजला वेब्लीचा भाव नाही.

जुन्या दुकानाचे नाव हीसुद्धा मोलाची खूण असते. मुंबईचे आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स किंवा कलकत्त्याचे रोडा आणि मँटन यांची नावे वरच्या पट्टीवर कोरलेली असतील आणि सोबत खरेदीची पावती, जुने परवाने असतील तर हत्याराला वंशावळ मिळते. स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट यांच्या जुन्या नोंदींवरून एखादा क्रमांक कधी, कोणाला पाठवला याचे पत्रही मागवता येते. ‘आमच्या पणजोबांना इंग्रज साहेबाने बक्षीस दिले’ ही गोष्ट ऐकायला चांगली, पण कागद नसेल तर तिचे पैसे देऊ नयेत.

वय शंभराच्या पुढे गेले की दोन कायदे एकत्र येतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे परदेशातल्या लिलावाचे आकडे दाखवून इथे भाव मागण्यात अर्थ नाही. शस्त्र नियमांत १८९९पूर्वीच्या लहान शस्त्रांसाठी वेगळी वाट आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये गृह मंत्रालयाने दुर्मीळ-शोभेच्या शस्त्रांना बाळगण्यापुरती सवलत दिली. वापरायला, बरोबर न्यायला मात्र परवाना लागतोच. आपले हत्यार त्या गटात बसते का हे स्वतः ठरवू नये. अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. लाँग काडतूसच १८९६चे असल्यामुळे घरोघरची बहुतेक बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हरे १८९९च्या मर्यादेनंतरची आहेत.

मग आकडा कसा काढायचा?

पाया धरायचा तो नव्या देशी रिव्हॉल्व्हरचा. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घडणीवर बेतलेले आहे, तेच काडतूस घेते आणि त्याचे सुटे भाग मिळतात. २०१४मध्ये कानपूरने ‘निर्भीक’ हे टायटॅनियमचे हलके रिव्हॉल्व्हर १,२२,३६० रुपयांना आणले. २०२३मध्ये ‘प्रबल’ आले. सप्टेंबर २०२५पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. दोन सामान्य परवानाधारकांमधल्या व्यवहारावर हा कर बसत नाही, त्यामुळे नवे महागले की जुन्याचा भावही वर सरकतो.

करासह आजच्या नव्याची किंमत १०० धरा. माझा हिशेब असा. कागद स्वच्छ, लाँग काडतूस घेणारे, क्रमांक जुळणारे, ७० टक्के मूळ मुलामा आणि घट्ट कामाचे वेब्ली मार्क ४ असेल तर १२० ते १५० वाजवी. तेच वेब्ली पुन्हा मुलामा चढवलेले पण यंत्र ठणठणीत असेल तर ९०च्या आसपास. बिजागरी ढिली किंवा नळीत खड्डे असतील तर ५०च्या वर जाऊ नये. निनावी लिएज, आखूड काडतुसाचे असेल तर २० ते ३०, तेही ठेवण्याच्या हौसेपुरते. १५०च्या पुढे जायचे तर लेखी वंशावळ हवी किंवा तो नमुनाच दुर्मीळ हवा. ‘मिळत नाही म्हणून’ मागितलेले तिप्पट-चौपट पैसे हे टंचाईचे भाडे आहे. आयातीचे नियम उद्या सैल झाले किंवा देशातच त्या तोडीची नवी हत्यारे बनू लागली की ते भाडे बुडेल. वेब्लीच्या नावाने तर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात उत्पादन सुरू झालेलेच आहे.

विकणाऱ्यांनाही याच हिशेबाचा आधार आहे. चांगल्या वेब्लीला कोणी भंगाराचा भाव सांगितला तर दोन वेगवेगळ्या परवानाधारक विक्रेत्यांकडून लेखी अंदाज घ्यावा. जमा केलेल्या हत्याराचे विक्रेत्याकडचे भाडे आणि त्याची दलाली आधी विचारून घ्यावी, कारण हातात पडणारी रक्कम तेवढ्याने कमी होते.

शिरूर-दौंडच्या ज्या घरांत वडीलधाऱ्यांच्या नावावरचे रिव्हॉल्व्हर आहे, त्यांना एवढेच सांगणे: भाव विचारण्याआधी परवाना काढून त्यावरचा क्रमांक आणि मुदत तपासा. धारक सत्तरीला आले असतील तर वारसाचा अर्ज आत्ताच करा. धारक गेले असतील तर हत्यार आजच ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. कागद पूर्ण असलेल्या रिव्हॉल्व्हरलाच वाजवी किंमत असते.